मोटारीची तिरळी नजर

मोटारीस ठोकर बसली म्हणजे नुकसान किती झालें हें पूर्वीं डोळ्यांनीं पाहतां येत असे. पत्रा चेपला, दिवा फुटला, रेडिएटरांतून पाणी गळूं लागलें. मिस्त्रीनें पत्रा ठोकून सरळ केला, दिवा बदलला, गळती थांबविली, वर रंगाचा हात दिला, कीं काम संपलें. मालकानें गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी, नवा रंग जुन्याशीं जुळला आहे कीं नाहीं तें उन्हांत निरखावें आणि पैसे चुकते करून घरीं यावें, असा सर्वत्र शिरस्ता होता. गेल्या पांच-सहा वर्षांत आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांनीं ज्या मोटारी घेतल्या, त्यांपैकीं पुष्कळ मोटारींच्या बाबतींत हा शिरस्ता आतां पुरेसा राहिलेला नाहीं. या गाड्यांच्या तोंडाशीं, कंपनीच्या बोधचिन्हामागें किंवा बंपरच्या खालच्या जाळीआड, तळहाताएवढी एक काळी पेटी बसविलेली असते. ती रडारची पेटी. पुढील वाहन किती दूर आहे, तें जवळ येत आहे कीं दूर जात आहे, हें ती एका सेकंदांत अनेक वेळां मोजते. तिच्या सांगण्यावरून गाडी घंटा वाजवून चालकाला सावध करते, आणि तेवढ्यानें न भागलें तर स्वतःच ब्रेक लावते.

ही पेटी समूळ फुटली तर एका अर्थीं बरेंच. चालकासमोरच्या फलकावर दिवा लागतो, यंत्रणा बंद पडल्याची सूचना येते आणि मालक जागा होतो. खरी पंचाईत पेटी शाबूत राहून किंचित् तिरकी झाली म्हणजे होते. वर नवा बंपर बसतो, रंग झळकतो, शेजारीपाजारी 'ठोकर लागली होती असें वाटतसुद्धां नाहीं' म्हणून वाखाणणी करतात, आणि आंत मोटारीची नजर मात्र तिरळी झालेली असते.

शाळामास्तरानें या विषयांत कां पडावें, असें कोणी विचारील. आमचा मुख्य विषय संस्कृत. परंतु लहान गांवच्या शाळेंत ज्याला जो तास येईल तो घ्यावा लागतो, आणि भूमितीचे तास पुष्कळ वर्षें आमच्याच वांट्याला येत. या पेटीच्या दुरुस्तींत यंत्रविद्या थोडी आणि भूमिति फार, असें आम्हांला प्रत्यक्ष पाहिल्यावर आढळून आलें. शिवाय गाडी एकाची असली तरी तींत बसतें सारें घर. आजी, सुना, नातवंडें हीं सर्व ज्या यंत्राच्या भरंवशावर घाट उतरतात, त्या यंत्राची माहिती घरांतील वडील माणसांना असूं नये हें आम्हांला बरें वाटत नाहीं.

रडार ही कांहीं नवी सिद्धि नव्हे. रेडिओची लहर सोडावयाची, ती समोरच्या पदार्थावर आदळून परत येते, आणि त्या परतण्यावरून पदार्थाचा ठाव घ्यावयाचा, एवढेंच तिचें तत्त्व. क्रिस्टियान हुल्समायर नांवाच्या जर्मन गृहस्थानें १९०४ सालीं कोलोन शहरीं ऱ्हाईन नदीवर असें यंत्र चालवून दाखविलें होतें. जहाज जवळ आलें कीं यंत्राची घंटा वाजे. त्या काळीं त्याची कदर झाली नाहीं. 'रडार' हा शब्द तर १९४० सालचा, अमेरिकन आरमारांत रूढ झालेला. परंतु मोटारींतील रडारचा खरा पूर्वज शोधावयाचा तर आपल्याच देशांत यावें लागेल. हें रडार ज्या लहरी वापरतें, त्यांची लांबी चार मिलिमीटरांहूनहि किंचित् कमी, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी असते. एका सेकंदांत अशा सुमारें सात हजार सातशें कोटि लहरी बाहेर पडतात. इतक्या आंखूड लहरींच्या घरांत पहिलें पाऊल टाकणाऱ्यांत आचार्य जगदीशचंद्र बोस हे अग्रेसर होत. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत १८९४-९५ च्या सुमारास त्यांनीं अवघ्या कांहीं मिलिमीटरांच्या लहरी निर्माण करून त्यांचे गुणधर्म तपासले, आणि १८९७ च्या जानेवारींत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें ते प्रयोग करून दाखविले. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १९९९ च्या आसपास, मर्सिडीझ कंपनीच्या एस-क्लास मोटारींत अशा लहरींचें रडार बसलें. आपल्याकडे तें पुष्कळ काळ श्रीमंतांच्या परदेशी गाड्यांपुरतेंच होतें. २०२१ सालीं निघालेली महिंद्रा एक्सयूव्ही ७०० ही आमच्या पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेली गाडी. तिच्या वरच्या प्रतींत रडार व कॅमेरा दोन्ही आले, आणि पुढें इतर कंपन्यांनींहि तोच मार्ग धरला.

आतां ही पेटी मोजते कशी तें पाहूं. दीडशें मीटरांवरील मालमोटारीपर्यंत लहर जाऊन परत येण्यास सेकंदाचा दशलक्षांश लागतो. एवढा सूक्ष्म काळ सरळ मोजीत बसण्यापेक्षां कारागिरांनीं एक युक्ति योजिली आहे. लहर एकाच सुरांत न सोडतां, गवई तान घेतांना सूर चढवीत नेतो त्याप्रमाणें ती चढत्या सुरांत सोडावयाची. परत आलेला सूर मघांचा, म्हणजे खालचा. बाहेर पडत असलेला सूर आतांचा, म्हणजे वरचा. दोहोंतील फरक जितका अधिक, तितका पदार्थ दूर. वेग मोजण्यास १८४२ सालीं प्रागच्या क्रिस्टियान डॉप्लर यांनीं सांगितलेला नियम उपयोगी पडतो. येणाऱ्या आगगाडीची शिटी उंच सुरांत ऐकूं येते व गाडी निघून जातांच ती उतरते, हा अनुभव सर्वांचा आहे. लहरींच्या बाबतींतहि तेंच घडतें. राहिली दिशा. त्यासाठीं पेटींत एकाशेजारीं एक असे अनेक ग्राहक बसविलेले असतात. डावीकडून आलेली लहर डाव्या ग्राहकास आधीं व उजव्यास नंतर भेटते, आणि त्या अंतरावरून पेटी कोन काढते. आपणहि दोन कानांवरून आवाजाची दिशा अशीच ओळखतों.

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पेटी थोडी तिरकी झाली तरी तिचें अंतराचें गणित चुकत नाहीं. वेगाचें गणितहि व्यवहारतः चुकत नाहीं. चुकते ती केवळ दिशा. साक्षीदार अगदीं प्रामाणिक, सर्व तपशील अचूक सांगतो, फक्त माणूस भलताच दाखवितो, अशांतला हा प्रकार आहे. म्हणूनच तो घातक. आंधळ्याचा हात धरून रस्ता ओलांडून देतां येतो. दिसतें आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याला काय करावें?

तिरकेपणा किती म्हणजे वाईट, याचा हिशेब शाळेंतला मुलगाहि करील. एका अंशाचा कोन शंभर मीटरांवर पाऊणेदोन मीटर फांकतो. आपल्या महामार्गाची एक लेन सामान्यतः साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे पेटी एका अंशानें चळली, तर शंभर मीटरांवरील वाहन तिला अर्ध्या लेनइतकें सरकलेलें दिसतें. दोन अंशांनीं चळली तर पुरी लेनच बदलते. शेजारून जाणारा ट्रक आपल्या समोर आहे असें तिला वाटतें, आणि खरोखर समोर असलेली मोटारसायकल बाजूला आहे असें वाटतें. पहिल्या भ्रमानें गाडी मोकळ्या रस्त्यावर दण्णकन ब्रेक लावते. दुसऱ्या भ्रमानें लावावयाचा तो उशिरा लावते. ताशीं ऐंशी किलोमीटरांच्या वेगांत अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे अकरा मीटर. आणि हा एक अंश पेटीपाशीं केवढा? आठ-दहा सेंटिमीटर रुंदीच्या पेटीची एक कड सुमारें दीड मिलिमीटर मागें सरली कीं झाला एक अंश. दीड मिलिमीटर! पुठ्ठ्याची जाडी. तेवढ्यासाठीं मोठा अपघातच व्हावयास हवा असें नाहीं. वाहनतळावर मागें येणाऱ्या टेंपोचा धक्काहि पुरतो. उभ्या दिशेंतहि तेंच. पेटी वर झुकली तर ती पुढच्या गाडीच्या टपावरून पाहूं लागते, खालीं झुकली तर रस्ताच न्याहाळीत बसते.

आमच्या घरचा प्रकार असा. गेल्या श्रावणांत आमच्या पुतण्याची गाडी सातारा रस्त्यावर गर्दींत एका टेंपोवर मागून अगदीं मंद गतीनें आदळली. कोणास खरचटलेंहि नाहीं. बंपर तडकला, बोधचिन्हास भेग पडली, नंबराची पाटी मुडपली. ज्या वर्कशॉपांत गाडी दिली त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. सहा दिवसांनीं गाडी नव्यासारखी होऊन आली. पुढें पंधरवड्यानें मंडळी कोल्हापुरास निघाली. मागें वहिनी, सून आणि मांडीवर दहा महिन्यांचा नातू. सरळ रस्ता, पुढें कोणी नाहीं, डावीकडच्या लेनमधून एक ट्रक आपल्या वाटेनें चालला आहे. अशांत गाडीनें आपण होऊन जोराचा ब्रेक लावला. मागची एस.टी. हातभर अंतरावर येऊन थांबली. वळणावर निर्दोष रडारहि क्वचित् फसतें, हें पुतण्यास ठाऊक होतें, म्हणून त्यानें मनाची समजूत घालून पाहिली. पण हें वळण नव्हतें, आणि साताऱ्याच्या अलीकडे तोच प्रकार पुन्हां घडला. तेव्हां त्यानें ती यंत्रणा बंद केली व पूर्वींच्या पद्धतीनें गाडी हांकीत मंडळींस सुखरूप पोंचविलें.

परत आल्यावर आम्ही दोघे त्याच वर्कशॉपांत गेलों. तेथील सुपरवायझरनें फलकाकडे बोट दाखविलें. "काका, दिवा लागला आहे का? नाहीं ना? मग सेन्सर ओके आहे. दिवा लागला तर या." त्यास आम्हीं विचारलें, बंपर काढून पुन्हां बसविल्यावर कॅलिब्रेशन केलें होतें काय? तो म्हणाला, सेन्सर बदललाच नाहीं, तर कॅलिब्रेशन कशाला?

याच उत्तरासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों, म्हटलें तरी चालेल. कॅलिब्रेशन म्हणजे अंशशोधन. पेटीचा सरळ आणि गाडीचा सरळ हे दोन सरळ एकच आहेत अशी खात्री करून घेणें, हा त्याचा अर्थ. पेटी जुनी कीं नवी हा प्रश्नच नव्हे. ती आपल्या जागेवरून हालली कीं नाहीं हा प्रश्न. आणि दिव्याविषयीं म्हणावें, तर पुष्कळ नव्या पेट्या रस्त्याकडेच्या स्थिर वस्तूंवरून स्वतःचा तिरकेपणा ताडतात, थोडा असला तर मनांतल्या मनांत वजा करतात, आणि फार असला म्हणजे दिवा लावतात, हें खरें. परंतु 'थोडा' आणि 'फार' यांच्यामध्यें एक प्रदेश उरतो, आणि तें आत्मपरीक्षण पुरें होण्यास बराच प्रवास व्हावा लागतो. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासणाऱ्या विद्यार्थ्यावर किती विसंबावें, हें मास्तरांस विचारा.

दुसऱ्या एका वर्कशॉपांत एक तिशींतला मिस्त्री भेटला. आम्ही काम पाहत उभे राहिलों तर चालेल का, असें विचारतां त्यानें स्टूल आणून दिलें व म्हणाला, "बसा सर, पण त्या पिवळ्या रेघेच्या बाहेर. आंत माणूस असला तरी रडारला दिसतो." आम्हांला तो तेव्हांच आवडला.

त्यानें प्रथम गाडीस हात लावला नाहीं. स्कॅनर जोडून गाडीच्या निरनिराळ्या यंत्रणांनीं नोंदवून ठेवलेल्या तक्रारी वाचल्या व उतरवून घेतल्या. नंतर बंपर उतरविला. पेटी ज्या ब्रॅकेटवर बसते त्याचा एक कान मोडलेला होता आणि तो कोणी तरी चिकटद्रव्य लावून जोडला होता. जोडकाम सुबक होतें, हें आम्हीं कबूल करतों. कान मात्र वांकडा बसला होता. मागची लोखंडी पट्टीहि एका बाजूस दबली होती. मिस्त्रीनें पट्टी तपासून सरळ केली, ब्रॅकेट नवें मागविलें. असल्या ब्रॅकेटची जोडाजोड करूं नये, तें बदलावें, असा त्याचा आग्रह होता, व तो बरोबर आहे. पेटी मात्र उघडावयाची नसते. ती कारखान्यांत कायमची बंद केलेली असते; आंत पाणी शिरलें किंवा तडा गेला तर दुरुस्ती नाहीं, नवीच घ्यावयाची, आणि ती त्या गाडीच्या संगणकास ओळखवून द्यावयाची. जुन्या बाजारांत मोडीच्या गाड्यांतून काढलेल्या पेट्या मिळतात. ज्या गाडीची पेटी मोडींत निघाली, ती मोडींत कां गेली याचा विचार घेणाऱ्यानें करावा.

दुसरा दोष बोधचिन्हांत निघाला. भेग पडलेलें चिन्ह आंतून लांबी भरून पुन्हां बसविलें होतें. दिसावयास तें साधें शोभेचें चिन्ह. परंतु रडार ज्याच्या मागें असतें तें चिन्ह म्हणजे खिडकी आहे. त्याची जाडी लहरीच्या मापानें ठरविलेली असते, आणि त्यावरील रुपेरी चकाकी साध्या मुलाम्याची नसते. कांहीं कारखाने त्यासाठीं इंडियम धातूचा इतका पातळ थर देतात कीं आपल्या डोळ्यांस तो चांदीसारखा दिसतो व रडारला मात्र आरपार असतो. तेथें लांबी भरली किंवा बाजारी नक्कल बसविली, तर लहर अडते नाहीं तर वांकते. ज्या गाड्यांत पेटी रंगविलेल्या बंपरच्या मागें असते, तेथेंहि हाच न्याय. रंगाचे थरावर थर आणि खालीं लांबीचें लिंपण, हें इतरत्र शोभतें, रडारच्या तोंडावर शोभत नाहीं. त्या भागापुरती बंपरची डागडुजी करूं नका, असें पुष्कळ कंपन्या स्पष्ट सांगतात.

मग गाडी चाकांच्या अलाइनमेंटसाठीं गेली. आम्हीं विचारलें, चाकांचा व डोळ्यांचा संबंध काय? मिस्त्रीचें उत्तर ऐकून आम्हांला भूमितीचा वर्ग आठवला. गाडी सरळ जाते ती बंपर जिकडे पाहतो तिकडे नव्हे, तर मागचीं दोन चाकें जिकडे ढकलतील तिकडे. मागचीं चाकें किंचित् तिरकीं असलीं तर गाडी खेकड्यासारखी थोडी आडवी चालते, आणि चालक नकळत सुकाणू वळवून तें सांभाळून घेतो. पेटीची रेषा या चालण्याच्या रेषेशीं समांतर हवी. म्हणून आधीं चाकें, मग डोळे. हा क्रम उलटला तर सारें काम फुकट.

यानंतर गाडी एका मोकळ्या खोलींत आणली. टायरांतील हवा मापानें भरली. टाकींतील इंधन पुस्तकांत सांगितलें आहे तितकें आहे कीं नाहीं पाहिलें. मागच्या कप्प्यांतून क्रिकेटच्या बॅटा, दोन छत्र्या आणि वहिनींनीं कोल्हापुराहून आणलेला गुळाचा रवा बाहेर काढला, कारण मागें वजन असलें कीं गाडीचें तोंड वर होतें आणि रडारहि आकाशाकडे पाहूं लागतें. फरशी पाणसळ लावून तपासली. त्यापुढें जें झालें तें पाहून आम्हांला खरोखर आनंद वाटला. इतकें अद्ययावत यंत्र, आणि त्याची नजर सरळ करण्यास साधन कोणतें, तर गवंड्याचा ओळंबा! बोधचिन्हाच्या मध्यावरून पुढें एक व मागें एक ओळंबा सोडून जमिनीवर दोन खुणा केल्या, त्यांवरून खडूची दोरी ताणून फटकारली, आणि गाडीची मध्यरेषा जमिनीवर उमटली. ती रेषा पुढें वाढवून पुस्तकांत दिलेल्या अंतरावर व उंचीवर एक लक्ष्य उभें केलें. लक्ष्य म्हणजे परस्परांशीं काटकोन करणारे तीन धातूचे पत्रे, खोलीच्या कोपऱ्यासारखे. या रचनेचा गुण असा कीं आंत आलेला किरण तिहींवर आपटून, आला तिकडेच उलट जातो. सायकलच्या मागच्या तांबड्या भिंगांत हीच रचना लहान आकारांत असते. १९६९ सालीं अपोलो ११ च्या प्रवाशांनीं चंद्रावर ठेवलेल्या आरशांतहि हीच होती. आजूबाजूचे जॅक, लोखंडी कपाट, पत्र्याचे डबे दूर सारले, कारण धातूचा कोणताहि तुकडा खोटी साक्ष देऊं शकतो.

पेटी उभ्या दिशेनें बरोबर आहे कीं नाहीं तें तिच्यावर कोनमापक टेकवून पाहिलें. मग स्कॅनरनें पेटीला विचारलें, लक्ष्य कोठें आहे? लक्ष्य मध्यरेषेवर होतें. पेटीनें तें बाजूला असल्याचें सांगितलें, आणि चूक सुमारें दीड अंशाची निघाली. शंभर मीटरांवर अडीच मीटरांहून अधिक! हें नवें ब्रॅकेट बसविण्यापूर्वींचें माप. मिस्त्रीनें मुद्दाम आम्हांला दाखविण्यासाठीं जुन्या ब्रॅकेटवर एकदां घेतलेलें. नव्या ब्रॅकेटवर उरलेली किंचित् चूक त्यानें पेटीच्या स्क्रूस पावपाव फेरा देऊन काढली. सर्व गाड्यांत अशी रीत नसते. कांहींत लक्ष्याऐवजीं लेसर व आरसा वापरतात, कांहींत स्क्रू नसतोच व संगणकच फरक लक्षांत ठेवतो, आणि कांहींत खोलींतलें काम अजीबात नसून स्कॅनर जोडलेली गाडी ठराविक वेगानें रस्त्यावर चालवावी लागते.

हें शेवटचें प्रकरण आपल्या देशांत जरा कठीण. पुस्तक म्हणतें, इतक्या वेगानें, इतकीं मिनिटें, पुढें वाहनें व कडेला कठडे असलेल्या सरळ रस्त्यानें जा. पुण्याच्या कोणत्या रस्त्यावर हें साधावें? आमच्या गाडीसहि खोलींतल्या कामानंतर अशी चांचणी आवश्यक होती. मिस्त्री पहांटे साडेपांचास महामार्गावर गेला. पुतण्या चालवीत होता, मिस्त्री स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारीं. एकानेंच चालवावें व पडद्याकडेहि पाहावें, असला आचरटपणा त्यानें करूं दिला नाहीं.

संस्कृतांत स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय आहे. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यास एकच शीत चेपून पाहतात. या गाड्यांस तो लावूं नये. पुढचें रडार बरोबर झालें म्हणून कांचेमागचा कॅमेरा बरोबर असेल असें नाहीं, आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत बसविलेलीं लहान रडारें तर अगदींच वेगळीं. ज्या भागास धक्का बसला किंवा जो भाग काढून घातला, त्याच्याशीं संबंध असलेला प्रत्येक डोळा निराळा तपासावा लागतो. पुढची कांच बदलली तर कॅमेऱ्याचें अंशशोधन. चाकांची जुळणी वा सस्पेन्शन बदललें तर रडारचें, असें साधारण धोरण ठेवावें आणि आपल्या गाडीचें पुस्तक काय म्हणतें तें विचारावें.

खर्चाविषयीं दोन शब्द. विम्याचा सर्व्हेयर गाडी पाहावयास येतो तेव्हांच्या एस्टिमेटांत 'रडार कॅलिब्रेशन' ही ओळ असली पाहिजे. काम झाल्यावर ती मागाहून घुसविणें जड जातें, आणि वर्कशॉपवाले ती गाळतात त्याचें अर्धें कारण हेंच असतें. बंपर, ब्रॅकेट हे प्लास्टिकचे भाग. साध्या विम्यांत अशा भागांवर निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते, घसारामुक्त विमा घेतला असल्यास कापली जात नाहीं. काम पुरें झाल्यावर स्कॅनरचा छापील कागद मागून घ्यावा. त्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, आधींच्या तक्रारी व नंतरची स्थिति हीं असतात. 'सर्व ओके' असें तोंडी सांगणाऱ्यास कागद देतांना कां जड वाटावें, हें आम्हांला कळत नाहीं. कागद मिळेपर्यंत ती यंत्रणा नाहींच असें धरून चालवावें, आणि ती बंद करण्याची सोय गाडींत असेल तर खुशाल बंद ठेवावी.

घरच्या स्त्रियांस व मुलांस एक विनंति करावीशी वाटते. दसऱ्यास गाडीची पूजा करतांना झेंडूची भरगच्च माळ नेमकी बोधचिन्हावर रुळते, वर कुंकवाचें स्वस्तिक, खालीं आंब्याची डहाळी. पूजा अवश्य करावी. पण गाडी बाहेर काढण्यापूर्वीं माळ खालीं उतरवावी. ओलीं फुलें म्हणजे पाणी, आणि पाणी या लहरींस भिंतीसारखें. स्वस्तिक बॉनेटवर काढल्यास देवाची हरकत नसावी. पावसाळ्यांत तेथें चिखलाचा थर बसतो, तोहि मऊ फडक्यानें पुसून काढावा. पुढें लोखंडी दांड्यांचा गार्ड बसविण्याची हौस कांहींस असते. केंद्र सरकारनें २०१७ च्या डिसेंबरांतच असल्या गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस कळविलें आहे, आणि रडारच्या गाडीस तर तो म्हणजे डोळ्यांपुढें धरलेला गज.

आतां या गाड्या दुसऱ्या हातीं विकावयास येऊं लागल्या आहेत. घेणारा टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, बॉनेट उचलून रंगाचा फरक शोधतो. पुढचा बंपर कधीं उतरला होता काय, एवढा प्रश्न त्यानें आणखी विचारावा, आणि होय म्हटल्यास तो छापील कागद पाहावयास मागावा. कागद नसेल, तर किंमत ठरविण्यापूर्वीं अंशशोधनाचा खर्च विकणाऱ्याच्या नांवें धरावा.